कड्याच्या पायथ्याची नोंदवही : वाई तालुक्यातील एका आरोहणस्थळाचे प्रकरण

वाईच्या पश्चिमेला, धोम धरणाच्या जलाशयाकडे उतरणाऱ्या एका डोंगरधारेवर जो उघडा कातळकडा आहे, त्यावर साताऱ्याचे आणि पुण्याचे प्रस्तरारोहक अनेक वर्षांपासून चढत आले आहेत. कड्याचे नाव या लेखात मुद्दाम दिलेले नाही. त्याचे कारण पुढे ओघात येईल. कडा वनखात्याच्या हद्दीत आहे, तिथे जाणारी मुख्य वाट गावाच्या गायरानातून जाते आणि वाट कातळाला जिथे भिडते तिथे गावदेवीचे ठाणे आहे. त्यामुळे एकाच जागेवर वनखाते, गाव आणि आरोहक अशा तिघांचा वावर, आणि थोडाफार हक्कही, आहे. हे प्रकरण सुरू झाले ते या तिघांतल्या वादातून.

गावाच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने आरोहण बंद करावे किंवा निदान माणसांची संख्या बांधून द्यावी, अशी मागणी केली. तिच्या मागे तीन तक्रारी होत्या. वाट दरवर्षी रुंदावत असून तिचा मुरूम घळीतून वाहून खालच्या शेतात येतो; देवीच्या ठाण्यापाशी प्लास्टिक साचते; आणि कड्यावरची आग्या मोहोळे उठून गुराख्यांना व गुरांना डसतात. आरोहकांचे म्हणणे असे की हा उपद्रव रविवारी सहलीला येणाऱ्यांचा आहे, दोर घेऊन येणाऱ्यांचा नाही. दोन्ही बाजूंचा आपल्या म्हणण्यावर पूर्ण विश्वास होता, पण कुणापाशीच लेखी नोंद नव्हती. वनखात्याच्या स्थानिक अधिकाऱ्यांनी या टप्प्यावर ना बंदी घातली ना परवानगी दिली. एक पूर्ण वर्ष नोंदी ठेवा आणि मग बोलू, असे सुचवले. पुढचे सगळे या सूचनेतून घडले.

संख्येची मर्यादा घालण्याची मागणी साताऱ्यात सहजपणे पुढे येते, कारण कासचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटातील 39 स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कासचे पठार होते. त्यानंतर फुलांच्या हंगामात लोटलेल्या गर्दीवर उपाय म्हणून दिवसाला 3,000 पर्यटकांची मर्यादा आणि आगाऊ ऑनलाइन नोंदणी ही पद्धत तिथे आली, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समित्यांनी सांभाळली. कासला हा आकडा अर्थपूर्ण आहे. तिथे जांभ्याच्या सड्यावर मातीचा पातळ थर आहे, फुले थेट पायाखाली आहेत, आणि म्हणून प्रत्येक वाढीव माणूस म्हणजे फुलांवर पडणारी वाढीव पावले असतात. कड्याचे गणित तसे नाही. दोराने चढणारे चार जण दिवसभरात पायथ्याच्या एकाच चौरस वाराभर जागेत उभे राहू शकतात, आणि दुसरे चार जण चढाई संपल्यावर ओल्या घळीतून घसरत उतरून दोन तासांत डोंगराचे कायमचे नुकसान करू शकतात. डोकी दोन्हीकडे सारखीच मोजली जातील.

म्हणून नोंदी कशाच्या ठेवायच्या, हा प्रश्न आधी सोडवावा लागला. समिती आणि आरोहक यांच्या बैठकीत जो एक नियम ठरला, तो माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत उपयोगी गोष्ट आहे : जी नोंद पाहून कोणता निर्णय बदलेल हे आधी सांगता येत नाही, ती नोंद ठेवायची नाही. या चाळणीतून बरेच रकाने गळाले. येणाऱ्याचे वय, गाव, अनुभव, संस्थेचे नाव, गाडीचा क्रमांक हे सर्व एरवी कोणत्याही अर्जात हमखास असते. पण यांतल्या एकाही उत्तरावरून कड्याचा कोणता भाग कधी बंद करावा हे ठरणार नव्हते. उरल्या त्या चार प्रकारच्या नोंदी : कोण कड्याच्या कोणत्या भागाकडे गेले आणि कोणत्या दिवशी, वाटेची ठरावीक ठिकाणची रुंदी व छायाचित्रे, मोहोळे आणि पक्षी, आणि दोर अडकवण्यासाठी कातळात ठोकलेले बोल्ट.

कड्याचे तीन भाग पाडले गेले आणि त्यांना गुराखी जी नावे वापरतात तीच दिली. आरोहकांनी प्रत्येक आरोहणमार्गाला दिलेली इंग्रजी नावे गावात कुणाला ठाऊक नव्हती, आणि ज्या नोंदवहीतली ठिकाणे गावाला ओळखता येत नाहीत ती नोंदवही गावाच्या उपयोगाची राहत नाही. वही ठेवली गेली शेवटच्या घरी, जिथे गाड्या लावल्या जातात. ती सांभाळणाऱ्या मावशींना गाडीतळाच्या शुल्कातून ठरावीक मोबदला मिळतो. फुकटच्या सेवाभावावर चालणारी नोंदवही दुसऱ्या हंगामात कोरी पडते, असा डोंगरातील संस्थांचा सर्वसाधारण अनुभव असल्याने ही तरतूद सुरुवातीलाच केली गेली.

या वहीची मर्यादा सर्वांना मान्य होती. वासोट्याला जाणारा माणूस बामणोलीहून शिवसागर जलाशयातून लाँचने जातो आणि वनखात्याच्या नाक्यावर उतरतो, त्यामुळे तिथली नोंद जवळजवळ पूर्ण असते. आमच्या कड्याला मात्र तीन वाटांनी जाता येते आणि त्यांतल्या दोन वाटा मावशींच्या अंगणातून जात नाहीत. उपाय म्हणून अधूनमधून, आधी न सांगता, एखाद्या दिवशी तिन्ही वाटांवर माणसे बसवून पूर्ण मोजणी केली गेली आणि त्या दिवसाची वहीतील संख्या तिच्याशी ताडून पाहिली. वहीत कमी माणसे लागत होती हे अपेक्षितच होते. महत्त्वाचे हे की ती सर्व महिन्यांत साधारण एकाच प्रमाणात कमी लागत होती. म्हणजे एकूण आकडा विश्वासार्ह नसला तरी कोणता महिना गर्दीचा आणि कोणता मोकळा, हा क्रम विश्वासार्ह होता. व्यवस्थापनाला बहुतेक वेळा एवढेच पुरते.

वाटेची रुंदी मोजण्यासाठी तिच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या, न हलणाऱ्या दगडांवर खुणा केल्या गेल्या आणि दर पंधरवड्याला त्याच खुणांमध्ये उघड्या मातीचा पट्टा किती रुंद आहे हे टेपने मोजले गेले. प्रत्येक खुणेवरून, त्याच उंचीवरून, त्याच दिशेला छायाचित्र काढले गेले. यात भारी तंत्रज्ञान काहीच नाही. मोबाईल, टेप आणि तारीख लिहायची सवय एवढ्यावर हे काम झाले.

वर्षभराच्या नोंदी एकत्र मांडल्यावर गर्दीचा आलेख आणि वाटेच्या रुंदीचा आलेख एकमेकांशी जुळत नाहीत हे दिसले. गर्दी सर्वाधिक होती डिसेंबर आणि जानेवारीत. वाट सर्वाधिक रुंदावली होती सप्टेंबरच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत, जेव्हा वहीतली नावे थोडी होती. याचे कारण डोंगराच्या घडणीत आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेल्या या बेसाल्टवर कातळ, त्याची झीज होऊन झालेला मुरूम आणि त्यावर बोटभर ते वीतभर माती अशी रचना असते. पाऊस नुकताच ओसरलेला असताना खालच्या कातळातून पाणी मुरत नाही, मुरूम तुडुंब असतो आणि वरची माती पाय पडताच गवताच्या मुळांसकट सरकते. शिवाय वाट चिखलाची झाली की माणूस स्वाभाविकपणे तिच्या कडेच्या गवतावरून चालतो, ते गवत तुटते, पट्टा हातभर रुंद होतो, आणि पुढचा माणूस त्याच्याही बाहेरून जातो. जानेवारीत तीच माती कडक असते. तिच्यावरून कितीतरी जास्त माणसे गेली तरी फक्त धुरळा उडतो. शेतात येणारा मुरूम हा हंगामाच्या तोंडाशी आलेल्या थोड्या उत्साही मंडळींचा परिणाम होता, आणि ते उत्साही बहुधा आरोहकच होते, हे आरोहकांना मान्य करावे लागले.

रोजची मर्यादा घालून हा प्रश्न सुटला नसता, कारण सप्टेंबरमध्ये कोणतीही वाजवी मर्यादा ओलांडली जाण्याइतकी माणसे येतच नव्हती. निर्णय झाला तो वाट उघडण्याच्या वेळेविषयी. सुरुवातीला आरोहकांनी 15 ऑक्टोबरसारखी ठाम तारीख मागितली, कारण पुण्याहून येणाऱ्यांना आधी नियोजन करता येते. पण या जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माणदेशात पाचशेच्या आसपास, आणि परतीचा पाऊस कोणत्या वर्षी कधी निघेल याचा भरवसा नसतो. समितीतील एका शेतकऱ्याने विचारले की वाफसा (पावसानंतर माती कसण्याइतकी सुकणे) आल्याशिवाय आपण रानात औत घालत नाही, मग वाट तरी का उघडायची. तेव्हापासून ठरावीक तीन ठिकाणची माती हातात दाबून पाहून वाफसा आहे की नाही हे समितीचे दोन सदस्य ठरवतात आणि तो निर्णय तारखेसह वहीत लिहिला जातो. मातीतील ओलावा मोजणारे यंत्र विकत घेण्याचा एक प्रस्ताव होता. तो नाकारला गेला, आणि मला ते योग्य वाटते, कारण यंत्राचा आकडा गावात कुणी वाचला नसता, तर वाफशाचा निवाडा सगळे जण मानतात.

आग्या मोहोळांचा प्रश्न अधिक तापलेला होता. ही माशी कातळाच्या पुढे आलेल्या कपारीखाली एकच मोठे, उघडे पोळे बांधते. वसाहती ऋतूनुसार स्थलांतर करतात आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे त्याच कपारींकडे परत येतात. मध काढणाऱ्या जुन्या माणसांना या कपारी पाठ आहेत. त्यांना सोबत घेऊन कड्याच्या छायाचित्रावर प्रत्येक पोळ्याची जागा आणि ते आल्याचा व गेल्याचा पंधरवडा नोंदवला गेला, आणि मोहोळ उठल्याची प्रत्येक घटना, तिच्या आधीच्या तासाभरात खाली काय चालले होते यासह, लिहिली गेली. बहुतेक घटनांच्या आधी पायथ्याला चूल पेटलेली होती. धूर कड्याला धरून वर चढतो हे मध काढणाऱ्यांना सांगावे लागत नाही. यामुळे आरोहक पूर्णपणे सुटले असे झाले नाही. एका भागात दोर खाली ओढताना तो पोळ्याच्या कपारीवर आपटत होता, आणि तो मार्ग पोळे असेपर्यंत बंद करावा लागला. चुलीवर बंदी सर्वांसाठी आली. देवीच्या जत्रेच्या दिवशी नैवेद्य शिजवण्याची जागा मात्र ठाण्यापासून खालच्या माळावर हलवायची की नाही, यावर गावातच दोन मते होती. ती जागा शेवटी हलली, पण नोंदवहीमुळे नव्हे, तर गावातल्या वडीलधाऱ्यांच्या शब्दामुळे.

पक्ष्यांच्या नोंदींमध्ये सर्वांत नाजूक भाग होता शाहीन ससाण्याचा. शाहीन उभ्या कड्याच्या कपारीत अंडी घालतो, आणि ती विणीची वेळ हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंतची, म्हणजे नेमकी आरोहणाच्या हंगामात येते. अंडी उबायला महिनाभर आणि पिले उडायला आणखी पाच-सहा आठवडे लागतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येते, हे अनेक आरोहकांना ठाऊक नव्हते. पहिल्या वर्षी खबरदारी म्हणून कड्याचा एक संपूर्ण भाग बंद ठेवला गेला. अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात दर वसंतात ससाण्यांसाठी काही भिंती बंद केल्या जातात आणि निरीक्षणात घरटे न आढळलेल्या भिंती लवकर उघडल्या जातात. तीच पद्धत पुढे इथे घेतली गेली, आणि तिचा एक अनपेक्षित फायदा असा झाला की निरीक्षणाला माणसे मिळू लागली. आपला आवडता मार्ग लवकर उघडावा असे ज्यांना वाटत होते, तेच पहाटे दुर्बीण घेऊन समोरच्या धारेवर बसू लागले. अर्थात ज्याला घरटे नाही असे सांगण्यात रस आहे, त्याच्या एकट्याच्या निरीक्षणावर विसंबता येत नाही. म्हणून प्रत्येक पाळीत आरोहकासोबत एक पक्षीनिरीक्षक किंवा समितीचा सदस्य असावा, हे ठरले.

कड्याचे नाव न देण्याचे कारणही हेच. घरट्याची जागा एकदा जाहीर झाली की आरोहकांपेक्षा छायाचित्रकारांचा त्रास वाढतो. त्यामुळे गाडीतळावर लावलेल्या फलकावर कोणता भाग उघडा आणि कोणता बंद एवढेच असते, कारण लिहिलेले नसते. मूळ नोंदी समितीकडे आणि वनखात्याकडे राहतात. सर्व माहिती सर्वांसाठी खुली असावी या मताचे काही तरुण आरोहक यावर नाराज होते आणि अजूनही आहेत.

वनस्पतींच्या बाबतीत या प्रकरणाने एक मोह टाळला, आणि त्याची थोडी तपशिलात चर्चा करायला हवी. चढाईमुळे कड्यावरील झाडोरा घटला का, हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे चढाई होणारा भाग आणि न होणारा भाग यांची तुलना. कॅनडातील नायगरा कड्यावर, जिथे वनस्पतिशास्त्रज्ञ डग्लस लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजार वर्षांहून जुनी सिडार झाडे कातळात वाढलेली दाखवून दिली होती, तिथे 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चढाईच्या भागांवर वनस्पती कमी आढळल्या. पण 2006 मध्ये त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासाने दाखवले की या फरकाचा मोठा वाटा कातळाच्या मूळ घडणीचा होता. आरोहक मुळातच अधिक उभे, कमी कपारींचे, म्हणजे आधीपासूनच उघडे कातळ निवडतात. आमच्या कड्यावरही चढाईचा भाग गुळगुळीत आणि शेजारचा भाग फुटलेला, मातीने भरलेला आहे. अशी तुलना केली असती तर आरोहकांवर खोटा ठपका आला असता, किंवा उलट, घडणीचे कारण पुढे करून त्यांना खरे नुकसान झाकता आले असते. त्याऐवजी प्रत्येक मार्गाची आजची स्थिती नोंदवून पुढील वर्षांत त्या मार्गाची तुलना त्याच्याशीच करायची, असे ठरले. नवा मार्ग सुरू करण्यापूर्वी ही नोंद सक्तीची आहे.

हे सर्वेक्षण पावसाळ्यात करावे लागते, ही त्यातली अडचण. सह्याद्रीच्या कड्यांवर शिंदळ माकडीसारख्या मांसल खोडाच्या दुर्मीळ वनस्पती भेगांमध्ये वाढतात. त्यांना पाने पावसाळ्यात येतात आणि कोरड्या दिवसांत झडून जातात. डिसेंबरमध्ये भेग साफ करणाऱ्या आरोहकाला ती एखादी वाळकी काडी वाटते आणि तो ती उपटून टाकतो. साताऱ्यातील वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी ऑगस्टमध्ये, वरून दोर सोडून, भेगांची पाहणी केली. मांसल खोडाच्या वनस्पती ज्या भेगांत दिसल्या, त्या भेगा नेमकी ओळख पटण्याची वाट न पाहता आरोहणातून वगळल्या गेल्या. पकड घसरू नये म्हणून हाताला लावायच्या चॉकविषयी (पांढऱ्या भुकटीविषयी) अजून काही केलेले नाही. 2020 मधील स्विस अभ्यासात डोळ्यांना न दिसणाऱ्या जागीही त्याचे अंश सापडले आणि काही नेचे व शेवाळांवर त्याचा विपरीत परिणाम दिसला, त्यामुळे हा विषय कधीतरी पुढे येईलच.

बोल्टांची यादी हे काम तुलनेने सरळ होते. प्रत्येक बोल्टला क्रमांक, त्याचा धातू, ठोकल्याचे ठाऊक असलेले वर्ष आणि दिसणारा गंज एवढे लिहिले गेले. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या मानकानुसार बोल्टने बाजूच्या दिशेने 25 किलोन्यूटन (साधारण अडीच टन वजनाइतका) ताण सहन केला पाहिजे. बोल्टवर बसवलेल्या जुन्या, घरगुती पद्धतीने बनवलेल्या पट्ट्या तिथवर पोहोचतील याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. जिथे पावसाळ्यात पाणी झिरपते तिथले बोल्ट आधी बदलले गेले, आणि हे करताना काही जुने बोल्ट मुळातच नको होते, हेही लक्षात आले.

या सर्व नोंदी कोणाच्या, हा वाद शेवटपर्यंत राहिला. आरोहकांना मोबाईल ॲप हवे होते, समितीला वही. जैविक विविधता अधिनियम, 2002 खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पक्षी, मोहोळे आणि वनस्पती यांच्या नोंदी त्या नोंदवहीला जोडल्या गेल्या, त्यामुळे त्या गावाच्या झाल्या. आरोहकांकडे तिची संगणकीय प्रत राहते. कागद मूळ आणि संगणक ही नक्कल, हा क्रम काहींना उलटा वाटेल. पण कड्याखाली मोबाईलचे नेटवर्क नाही आणि समितीच्या बैठकीत वही सर्वांच्या हातून फिरते.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. हंगामात काही व्यावसायिक आयोजक मोठे गट घेऊन माथ्यावरून रॅपलिंगची, म्हणजे दोराने कडा उतरण्याची, शिबिरे घेतात. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्यांनी नोंदणी करायला हवी, पण माथ्याची झीज नोंदणीने थांबत नाही : आपली पाळी येईपर्यंत सगळा गट माथ्याच्या कडेला बसून राहतो, तिथली माती दबते आणि दोर जांभळीच्या झाडांना बांधले जातात. आजवरच्या खुणा वाटेवर आणि पायथ्याला आहेत. माथ्यावर एकही नाही, त्यामुळे तिथले किती नुकसान शिबिरांचे आणि किती गुरांचे, हे आज सांगता येत नाही. माथ्यावर खुणा करण्याचे काम या पावसाळ्याआधी संपवायचे आणि एक हंगाम मोजूनच शिबिरे मधल्या उघड्या घळीकडे हलवायची का ते ठरवायचे, असा समितीचा ठराव आहे. तोपर्यंत झाडांना दोर बांधायला मनाई आहे, आणि ती पाळली जाते की नाही याचा एक नवा रकाना मावशींच्या वहीत आला आहे.